घरातल्या प्रवाळांचा हिशेब

माझ्या हिशेबाच्या वहीचे पहिले पान २०१८ च्या नोव्हेंबरातले आहे. त्यावर चार नोंदी आहेत: टॉर्च ८० डॉलर, अ‍ॅक्रोपोरा ४५, गोनिओपोरा ३५ आणि झोअँथिड २५. एकूण १८५ डॉलर. ही चारही प्रवाळे मी न्यू जर्सीतल्या आमच्या घराजवळच्या एका दुकानातून एकाच दुपारी आणली आणि जानेवारी उजाडेपर्यंत चारही नोंदींवर मला काट मारावी लागली. ते पान मी अजूनही अधूनमधून उघडते, कारण त्यानंतरच्या सात वर्षांत माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत जी तीसेक प्रकारची प्रवाळे वाढली, त्या सर्वांवर मिळून माझे जेमतेम ३४० डॉलर खर्च झाले आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक मला कोणी ना कोणी फुकट दिलेली आहेत. हा फरक कशाने पडला, पैसा कुठे घालावा आणि कुठे हात आखडता घ्यावा, हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माझे माहेर मालवणचे. समुद्राच्या इतक्या जवळ वाढूनही प्रवाळ हा जिवंत प्राणी असतो, हे मला विशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या घरी पोवळे म्हणजे मंगळासाठी अंगठीत घालायचा लाल खडा, एवढीच त्याची ओळख होती. (दागिन्यांतले ते लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येते आणि टाकीत वाढवल्या जाणाऱ्या प्रवाळांशी त्याचे नाते बरेच दूरचे आहे.) पुढे एका सुट्टीत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाजवळ तोंडात नळी धरून पाण्यात डोके घातले, तेव्हा खडकाला बिलगलेले पोराइट्स आणि फेविट्स या प्रवाळांचे गोळे पहिल्यांदा पाहिले. पाणी गढूळ होते, रंगही फारसे नव्हते, तरी त्या गोळ्यांवरची एकाला एक लागून असलेली शेकडो इवली घरे पाहून मी बराच वेळ तिथून हलले नाही. घरी टाकी लावण्याची इच्छा त्या सकाळची आहे.

इथे एक गोष्ट आधीच सांगणे मला आवश्यक वाटते. मालवणचा तो परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि सर्व कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाइतकेच, संरक्षण आहे. त्यामुळे महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहणाऱ्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की समुद्रातून काढलेले प्रवाळ तर नकोच, पण ‘बाहेरून आणलेले’ म्हणून कोणी कठीण प्रवाळ विकू लागला, तरी ते घेऊ नये. किनाऱ्यावर सापडलेला वाळका तुकडाही आठवण म्हणून पिशवीत टाकू नये. मी पुढे जे लिहिते आहे ते अमेरिकेतले आहे, जिथे हिंद आणि प्रशांत महासागरातल्या अनेक प्रवाळांची टाकीत वाढवलेली रोपे कायदेशीरपणे एका घरातून दुसऱ्या घरात जातात. तिथेही निर्बंध आहेतच. फ्लोरिडा आणि कॅरिबियनमधली अ‍ॅक्रोपोरा २००६ पासून संरक्षित आहेत आणि २०१४ साली त्या यादीत आणखी २० प्रवाळांची भर पडली.

मी दुकानात गेले ते वर्षही महागाईचे होते. जगभरच्या टाक्यांना सर्वाधिक प्रवाळे पुरवणाऱ्या इंडोनेशियाने मे २०१८ मध्ये निर्यात थांबवली होती आणि ती २०२० च्या सुरुवातीपर्यंत बंदच राहिली. फिजीनेही त्याच सुमारास आपली निर्यात बंद केली होती. टॉर्चची किंमत त्यामुळे चढली होती, हे मला नंतर कळले. परंतु माझी प्रवाळे महाग होती म्हणून मेली नाहीत. टाकी सुरू होऊन जेमतेम नऊ आठवडे झाले होते, पाणी नळाचे होते आणि त्या पाण्यात काय आहे हे मी मोजतच नव्हते. अ‍ॅक्रोपोरा तळापासून पांढरे पडत गेले आणि दहा दिवसांत त्याचा नुसता सांगाडा उरला. गोनिओपोरा महिनाभर मिटून राहिले. ते आजारी आहे की रुसले आहे, हे मला समजेपर्यंत टॉर्चच्या देठावर तपकिरी चिकट थर आला होता. विकणाऱ्याने मला टाकीचे वय विचारले नव्हते, पण ते मी स्वतःहून सांगायला हवे होते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की कमी खर्चात प्रवाळे जमवायची असतील, तर पहिले पैसे प्रवाळांवर खर्चूच नयेत; ते पाण्यावर खर्चावेत. आमच्या नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरामाइन असते, त्याखेरीज फॉस्फेट असते आणि जुन्या नळांतून उतरलेले तांबेही असू शकते. तांब्याची अगदी सूक्ष्म मात्रासुद्धा पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांना मारक ठरते. या सगळ्यावर एकच उपाय आहे आणि तो म्हणजे आरओडीआय (पाण्यात विरघळलेले सगळे काढून टाकणारी) गाळणी, जिच्या शेवटच्या नळकांड्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या घटकांचा आकडा, शून्य असतो. माझ्या गाळणीला १४० डॉलर पडले. त्या वेळी ते जिवावर आले होते, पण मेलेल्या चार प्रवाळांपेक्षा ती स्वस्तच पडली. दुसरी वस्तू क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर. त्याचे शून्य गाळलेल्या पाण्यावर जुळवण्याची चूक बहुतेक जण करतात. ते हजारात ३५ भाग क्षारतेच्या तयार द्रावणावर जुळवावे, कारण आपल्याला मोजायची आहे ती समुद्राच्या पाण्याची क्षारता, आणि शून्यापाशी अचूक असलेले उपकरण ३५ पाशी दोन अंशांनी चुकू शकते. तिसरी वस्तू अल्कलिनिटी (ढोबळमानाने पाण्यातल्या कार्बोनेटचे प्रमाण) मोजण्याची साधी रासायनिक पेटी. नायट्रेट, फॉस्फेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या पेट्याही लागतात, पण त्या प्रवाळे पाळणाऱ्यांच्या क्लबमधल्या मैत्रिणींसोबत वाटून घेता येतात. अल्कलिनिटीची पेटी मात्र स्वतःचीच असावी.

आमच्या टाकीत सुमारे १५० लिटर पाणी मावते. ३६ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १६ इंच उंच हा तिचा आकार प्रवाळांना फार मानवतो, कारण तळ ऐसपैस असतो आणि उजेडाला खोलवर जावे लागत नाही. छंद सोडणाऱ्या एका गृहस्थांकडून ती मला लाकडी स्टँड, खालची सम्पची (पाणी गाळणारी उपकरणे ठेवायची) टाकी आणि स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र) यांसकट १८० डॉलरना मिळाली. जुने सामान घेताना मी दोन प्रश्न विचारतेच: या टाकीत माशांना कधी तांब्याचे औषध दिले होते का, आणि ती किती काळ कोरडी पडून आहे? फार काळ कोरड्या राहिलेल्या टाकीचे सिलिकॉनचे सांधे दगा देतात, म्हणून ती घरात आणण्यापूर्वी अंगणात तीन दिवस पाण्याने भरून ठेवावी. पंप, स्किमर, दिवे हे सगळे जुने चालते. हीटर मात्र जुना कधीच घेऊ नये आणि नव्यालाही स्वतंत्र तापमान-नियंत्रक जोडावा, कारण हीटर बिघडतो तेव्हा पुष्कळदा चालू अवस्थेतच अडकतो आणि सकाळपर्यंत टाकीतले पाणी अक्षरशः शिजवून काढतो.

खडकही कोरडाच घेतला. १५ किलो कोरडा खडक आणि त्याच्या जोडीला क्लबमधल्या एकीच्या टाकीतला मूठभर जिवंत खडक एवढे पुरेसे आहे, कारण अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू त्या मूठभर खडकावरून बाकीच्यांवर पसरतात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. एवढ्याने टाकीत मासे राहू शकतात, प्रवाळे नव्हेत. त्यांच्यासाठी टाकी आणखी कित्येक महिने मुरावी लागते. तपकिरी डायाटम हे सूक्ष्म शैवाल येते, मग हिरवे शैवाल येते, मग हळूहळू खडकावर जांभळट गुलाबी कोरलाइन शैवालाचे ठिपके उमटतात. ते ठिपके दिसले की मी पहिला तुकडा आत सोडते. एवढे थांबायला पैसे पडत नाहीत, आणि तरीही तेच सर्वांना सर्वांत जड जाते.

दिव्यांबद्दल मी थोडक्यात लिहिते. प्रवाळाच्या पेशींत सहजीवी शैवाल राहते आणि त्याने प्रकाशातून बनवलेल्या अन्नावरच प्रवाळाचे बरेचसे पोषण होते. म्हणून दिवा हा प्रवाळाच्या जेवणाचा भाग आहे. परंतु महागडा दिवा लागतोच असे नाही. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार (शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचे माप) एवढा उजेड पुरतो आणि जुना निळसर एलईडी दिवा तो सहज देतो. पार मोजण्याचे यंत्र मात्र विकत घेऊ नये. आमच्या क्लबकडे एक आहे आणि ते आठवडाभरासाठी नाममात्र शुल्कात मिळते. एका रविवारी टाकीतल्या चौदा जागा मोजून मी त्यांचा नकाशा वहीत काढला आणि त्यानंतर कोणते प्रवाळ कुठे ठेवायचे याचा अंदाज करण्याची वेळ माझ्यावर आली नाही.

आता प्रवाळांकडे वळते. आमच्याकडे मालवणात जास्वंद कोणी विकत आणत नसे. शेजारणीच्या कुंपणावर नवा रंग दिसला, की आई तिच्याकडे बोटभर फांदी मागे, ती तिरकी कापून मातीत खोचत असे आणि पुढच्या पावसाळ्यात आमच्या कुंपणावरची फांदी तिसऱ्या घरी जात असे. प्रवाळांचे नेमके असेच आहे. वसाहतीचा एक तुकडा तोडून खडकाला चिकटवला की तो स्वतंत्र वसाहत म्हणून वाढतो आणि जनुकांच्या दृष्टीने मूळ प्रवाळाची हुबेहूब प्रत असतो. इथे या तुकड्याला ‘फ्रॅग’ म्हणतात. हे लक्षात आल्यावर माझ्या हिशेबाची रीतच बदलली. दुकानात मुठीएवढ्या वसाहतीला जो भाव पडतो, त्यात तिची तीन-चार वर्षांची वाढ धरलेली असते. बोटाच्या पेराएवढा तुकडा घेतला, तर ती वर्षे आपण आपल्या घरीच घालतो आणि त्यांचे पैसे वाचतात.

फ्रॅगची देवघेव वर्षातून दोनदा एका शाळेच्या सभागृहात भरते. लांब टेबलांवर उथळ टाक्या मांडलेल्या असतात, वर निळे दिवे असतात आणि माणसे हातात थर्मोकोलचे डबे घेऊन फिरत असतात. पहिल्या वेळी मी पाकिटात १०० डॉलर घेऊन गेले होते. एका टेबलावर एक वयस्क, निवृत्त गृहस्थ बसले होते. माझी टाकी किती महिन्यांची आहे, अल्कलिनिटी किती असते आणि ती किती वेळा मोजते, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले. मी उत्तरे दिली. त्यावर ते म्हणाले, “मग हे वर्ष काहीही विकत घेऊ नका. हे तीन घेऊन जा. हे जगले, की पुढच्या वर्षी माझ्याकडे या.” त्यांनी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या माझ्या हातात ठेवल्या आणि पैसे घेतले नाहीत. त्यांत लाल डिस्कोसोमा, केनिया ट्री आणि हिरव्या स्टार पॉलिपचा एक चौकोन होता. तिन्ही आजही माझ्याकडे आहेत, आणि त्यांचे तुकडे आजवर किती घरांत गेले याची मोजदाद मी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवते. तो आकडा परवा ४६ झाला.

ही पहिली प्रवाळे जशी काटक असतात तशीच भराभर पसरणारीही असतात. हिरवा स्टार पॉलिप जांभळ्या चटईसारखा सरकत जातो आणि वाटेत येणाऱ्या प्रवाळावर चढतो, म्हणून त्याला वाळूत एकट्या ठेवलेल्या खडकाचे बेट द्यावे. झेनिया हे प्रवाळ तर त्याहून वरचढ आहे. त्याच्या उघडमीट करणाऱ्या बोटांना भुलून मी त्याला मधल्या खडकावर जागा दिली आणि दीड वर्षाने तो अख्खा खडक बाहेर काढून खरवडला. त्याच्या कुळातले एक मऊ प्रवाळ व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर परकीय आक्रमक ठरले आहे आणि त्याने तिथले मोठे क्षेत्र झाकून टाकले आहे. ते मत्स्यालयांच्या व्यापारातून तिथे पोहोचले असे मानले जाते. त्यामुळे नको असलेले प्रवाळ, किंवा टाकीतले नुसते पाणीसुद्धा, समुद्रात किंवा खाडीत कधीही ओतू नये.

झोअँथिड स्वस्त आहेत, रंगीत आहेत आणि भराभर वाढतात, परंतु त्यांच्याबद्दल सावधगिरीची सूचना दिल्याशिवाय मी कोणालाही ते देत नाही. त्यांच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआंत, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर पूर्ण झाकणारा चष्मा हवाच. तोडताना उडणारा चीक डोळ्यात किंवा जखमेत जाता कामा नये. ज्या खडकावर ते आहेत तो खडक ‘स्वच्छ करण्यासाठी’ कधीही उकळू नये, कारण वाफेतून हे विष श्वासात गेल्याने कुटुंबेच्या कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. घरात लहान मूल असेल, तर तुकडे तोडण्याचे काम स्वयंपाकघरात तर मुळीच करू नये.

स्वस्ताईचा एक धोका मी स्वतः भोगला आहे. दुसऱ्या वर्षी एका अनोळखी विक्रेत्याकडून मी पाच डॉलरना एक असे आठ तुकडे घेतले आणि घाईत तसेच टाकीत ठेवले. त्यांच्याबरोबर एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल आले आणि वर्मेटिड गोगलगायीही आल्या, ज्या खडकाला नळीसारखे कवच चिकटवून त्यातून श्लेष्माची जाळी सोडतात आणि शेजारच्या प्रवाळांना उघडू देत नाहीत. ४० डॉलरच्या त्या खरेदीने मला पुढचे वर्षभर चिमटा घेऊन एकेक नळी मोडायला लावले. एप्टेशियावर पेपरमिंट कोळंबीने बरेच काम केले. तेव्हापासून येणारा प्रत्येक तुकडा आधी आयोडीनच्या किंवा पोटॅशियमच्या द्रावणात बुडवून निघतो. तो ज्या चकतीवर चिकटवलेला येतो ती चकती मी मोडून टाकते, कारण किडींची अंडी द्रावणाला दाद देत नाहीत आणि ती बहुधा चकतीच्या कडेलाच असतात. नव्या चकतीवर घट्ट सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने चिकटवलेला तुकडा मग सहा आठवडे ३८ लिटरच्या वेगळ्या टाकीत राहतो. या लहान टाकीला २५ डॉलर पडले होते आणि तेवढ्या पैशांत इतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झालेला नाही.

तिसऱ्या वर्षी त्या निवृत्त गृहस्थांनी मला डंकन प्रवाळाचे एक मुख २० डॉलरना दिले. डंकनला कठीण सांगाडा असतो आणि त्याच्या प्रत्येक नळीच्या टोकाला सूर्यफुलासारखे एक मुख असते. आठवड्यातून दोनदा गोठवलेल्या मायसिस कोळंबीचा कण त्या मुखावर ठेवला, की भोवतीची बोटे हलकेच मिटतात. पहिले आठ महिने एकाचे दोन झाले नाहीत. मग एका सकाळी नळीच्या कडेला मोहरीएवढी दोन हिरवी टोके दिसली. तीन वर्षांनी १४ मुखे होती. त्यांतली पाच मी क्लबमध्ये दिली आणि त्यांच्या बदल्यात फांद्यांचे हॅमर प्रवाळ आणि कँडी केनची तीन मुखे आली. प्रवाळांवरचा माझा खर्च इथून पुढे जवळजवळ थांबला, कारण आता माझ्याकडे देण्यासारखे काहीतरी होते.

कठीण प्रवाळे वाढू लागली, की ती पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून आपला सांगाडा बांधतात, आणि दर आठवड्याला १५ लिटर पाणी बदलून ती तूट भरून निघत नाही. माझी अल्कलिनिटी रोज जवळजवळ एक डीकेएचने (हे अल्कलिनिटीचे एकक) उतरू लागली. दुकानातल्या तयार द्रावणांचा खर्च महिन्याला ३० डॉलरवर जाणार होता. त्याऐवजी मी चुना वापरला. जो कॅल्शियम हायड्रॉक्साइड आपल्याकडे पानाला लावतात, तोच इथे लोणच्यासाठी ‘पिकलिंग लाइम’ म्हणून वाणसामानाच्या दुकानात मिळतो. पानाच्या डबीतला चुना मात्र घेऊ नये. खाण्याच्या प्रतीची शुद्ध पूड घ्यावी. गाळलेल्या पाण्यात ती ढवळावी, निवळू द्यावी आणि वरची निवळी टाकीतल्या बाष्पीभवनाची भरपाई म्हणून थेंबाथेंबाने सोडावी. हिवाळ्यात घरातली हवा कोरडी असते तेव्हा माझ्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडते, आणि दोन लिटर संपृक्त निवळी १५० लिटर पाण्याची अल्कलिनिटी सुमारे दीड डीकेएचने वाढवते. म्हणजे तूट भरून वर थोडी शिल्लक राहते, म्हणून मी निवळी त्या प्रमाणात पातळ करते. वर्षाचा चुना दहा डॉलरच्या आत येतो.

पण या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, हे विसरून चालत नाही. एकदा पाहुणे दारात होते म्हणून मी अर्धा लिटर एकदम ओतला आणि टाकीत बर्फ पडावा तसा पांढरा साका खाली बसला. डोळ्यांदेखत पीएच चढला आणि मासे पृष्ठभागाशी आले. त्या दिवसापासून ते काम थेंब सोडणारी नळीच करते, मी हाताने करत नाही. निवळी ढवळतानाही हातमोजे घालते, कारण चुन्याने कातडी सोलते हे आपल्याला निराळे सांगायला नको.

२०२२ च्या डिसेंबरातल्या थंडीत आमच्याकडे २२ तास वीज नव्हती. बाहेर तापमान शून्याखाली आणि घर हळूहळू गार होत चाललेले. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तेवढा माझ्याकडे होता आणि त्याने मासे वाचवले, कारण अशा वेळी थंडीच्याही आधी प्राणवायू संपतो. टाकीभोवती आम्ही घरातल्या सगळ्या रजया गुंडाळल्या, गोधड्याही काढल्या. तरी पाणी २५.५ अंशांवरून १८ वर आले. मऊ प्रवाळे सावरली, डंकन सावरले. बर्ड्सनेस्ट आणि मॉन्टिपोरा डिजिटाटा ही कठीण प्रवाळे मात्र आठवडाभरात पूर्ण पांढरी पडली. बर्ड्सनेस्ट मी आगपेटीच्या काडीएवढ्या तुकड्यापासून अडीच वर्षे वाढवले होते आणि ते तेव्हा नारळाएवढे झाले होते. त्याचा सांगाडा बाहेर काढताना मला फार रडू आले.

फेब्रुवारीत एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. २०२० मध्ये देवघेवी बंद होत्या, तेव्हा आम्ही एकमेकींच्या दारात झाकणबंद डबे ठेवून तुकडे बदलत असू, आणि तेव्हा मी त्यांना त्याच बर्ड्सनेस्टची एक फांदी दिली होती. त्यांच्या भागातली वीज गेली नव्हती. त्यांनी त्या फांदीच्या झुडपाचे चार तुकडे करून मला परत पाठवले, आणि त्यांसोबत मॉन्टिपोराही. वहीत ती नोंद ‘आले’ या रकान्यात करायची की ‘परत आले’ असा नवा रकाना आखायचा, यावर मी थोडा वेळ विचार केला आणि नवा रकाना आखला. आता जे काही टाकीत येते, त्याचा पहिला वाढीव तुकडा निदान दोन वेगळ्या गावांतल्या घरी पोहोचवायचा, असा मी नियम केला आहे. विम्याचा हप्ता भरावा लागत नाही आणि पेरलेले दुसऱ्याच्या अंगणात उगवलेले पाहायला मिळते.

चालू खर्च लिहायचा राहिला. मिठाची एक बादली ६० डॉलरना मिळते आणि त्यात सुमारे ६०० लिटर पाणी होते, म्हणजे ती मला ४० आठवडे पुरते. मीटर लावून पाहिले, तेव्हा उन्हाळ्यात रोज दोन युनिट आणि हिवाळ्यात साडेतीन युनिट वीज लागते असे दिसले. हीटर लावण्याआधी टाकीच्या तीन बाजूंना थर्मोकोल लावल्याने हिवाळ्याचा आकडा पूर्वीपेक्षा खाली आला. मासे तीनच आहेत, त्यांतले दोन टाकीत जन्मलेले क्लाउनफिश. मासे कमी, म्हणून खाणे कमी, म्हणून नायट्रेट १० पीपीएमच्या आत राहते. उरलेले तुकडे एक दुकान रोख न देता जमेच्या पावतीवर घेते आणि त्या पावतीतून मीठ निघते. गेली दोन वर्षे मिठाच्या रकान्यात मी रोख रक्कम लिहिलेली नाही.

पहिल्या पानावरच्या चार नावांपैकी टॉर्च, झोअँथिड आणि गोनिओपोरा माझ्याकडे पुन्हा आले आहेत. गोनिओपोरा टाकीत वाढलेले मिळू लागल्यापासून ते पूर्वीइतके नाजूक राहिलेले नाही. अ‍ॅक्रोपोरा तेवढे आणायचे राहिले आहे. अल्कलिनिटी सहा महिने सलग अर्ध्या डीकेएचच्या आत राहिली, की मग ते आणायचे, असे मी ठरवले आहे आणि मूळ वसाहत ज्यांच्याकडे आहे त्यांना तसे सांगूनही ठेवले आहे. रोज संध्याकाळी सात वाजता मोजते. काल ८.३ आली, परवा ८.२. आज चौथा महिना पूर्ण झाला.